सेरेत्से म्हणजे सांधणारी माती : बोट्सवानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष

माळरान (धागालेखक)

वर्णद्वेषाविरुद्ध उभ्या राहिलेल्या आफ्रिकी नेत्यांचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा मंडेलांपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच थांबते. त्यांच्या थोरवीबद्दल वाद नाही. परंतु मंडेला तुरुंगात होते त्याच काळात, दक्षिण आफ्रिकेच्या कुंपणाला लागून असलेल्या बोट्सवानात काळ्या-गोऱ्यांनी समान नागरिक म्हणून एका घटनेखाली नांदायचे, हे सेरेत्से खामा यांनी प्रत्यक्षात आणले होते. त्याची किंमत त्यांनी आधी स्वतःच्या घरात आणि स्वतःच्या गादीवर मोजली होती, आणि म्हणूनच हा धागा काढावासा वाटला.

नोकरीनिमित्त मी चार वर्षे गाबोरोनेला होतो. (स्थानिक उच्चार 'खाबोरोने'च्या जवळ जातो, पण रूढ लेखनच ठेवतो.) पन्नास पुलांच्या नोटेवरचा त्यांचा चेहरा जवळजवळ रोज हातातून जाई, त्यामागची हकीकत मात्र बऱ्याच उशिरा कळली. पुला म्हणजे पाऊस. महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट क्षेत्रफळाच्या या देशाचा बराचसा भाग कालाहारीने व्यापलेला आहे, त्यामुळे चलनाला पावसाचे नाव का दिले हे तिथल्या ऑक्टोबरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. सभेत वक्ता 'पुला!' म्हणतो आणि समोरचे सगळे 'पुला!' म्हणून साद देतात. झेंडाही पावसाच्या निळ्या रंगाचा आहे आणि त्याच्या मध्यावरून पांढऱ्या कडांचा काळा पट्टा जातो; तो झेब्र्याच्या अंगावरून घेतलेला आहे. शेजारच्या देशात बाकांवर 'फक्त गोऱ्यांसाठी' अशा पाट्या लागत होत्या, तेव्हा या देशाने दोन्ही रंग एकाच कातड्यावर दाखवणारा झेंडा निवडला.

सेरेत्से यांचा जन्म १ जुलै १९२१ रोजी सेरोवे येथे, बांग्वातो जमातीच्या राजघराण्यात झाला. तेव्हा हा मुलूख बेचुआनालँड या नावाने ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होता. त्यांचे आजोबा तिसरे खामा हे मोठ्या वजनाचे खोसी, म्हणजे जमातीचे राजे; आपला प्रदेश ब्रिटिश खाणसम्राट सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीच्या घशात जाऊ नये म्हणून १८९५ साली आणखी दोन खोसींना बरोबर घेऊन त्यांनी थेट लंडन गाठले होते. या आजोबांचे आणि सेरेत्सेंच्या वडिलांचे दीर्घकाळ वितुष्ट होते. ते मिटल्याच्या आनंदात नातवाचे नाव सेरेत्से ठेवले गेले, आणि त्याचा अर्थ सांधणारी चिकणमाती असा होतो.

१९२५ साली वडील वारले आणि चार वर्षांचे मूल खोसी झाले. कारभार काका त्शेकेदी यांच्याकडे आला. काका, पुतण्या आणि गादी हे तीन शब्द एकत्र आले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर शनिवारवाडा उभा राहतो, पण त्शेकेदींनी पुतण्याला मुलासारखे वाढवले. दक्षिण आफ्रिकेतील फोर्ट हेअर महाविद्यालयाची पदवी १९४४ साली मिळाल्यावर त्यांनीच त्याला पुढील शिक्षणासाठी विलायतेला पाठवले. आधी ऑक्सफर्ड आणि मग बॅरिस्टरीसाठी लंडनचे इनर टेंपल असा प्रवास झाला. तेथे १९४७ साली मिशनऱ्यांच्या वसतिगृहातील एका नृत्यसमारंभात सेरेत्सेंची रूथ विल्यम्स यांच्याशी ओळख झाली. त्या लॉइड्स या विमा बाजारात कारकून होत्या, युद्धकाळात त्यांनी वायुदलाच्या महिला शाखेत काम केले होते, आणि दोघांनाही जॅझ संगीताचे वेड होते.

लग्नाला सगळ्यांचाच विरोध होता. रूथच्या वडिलांनी मुलीला घराबाहेर काढले. (हे गृहस्थ एकेकाळी हिंदुस्थानी फौजेत कॅप्टन होते, हे वाचून मी क्षणभर थांबलो.) लंडनच्या बिशपनी सरकारची संमती असल्याशिवाय चर्चमध्ये लग्न लावू देणार नाही असे सांगितले, तेव्हा २९ सप्टेंबर १९४८ रोजी दोघांनी केन्सिंग्टनच्या नोंदणी कार्यालयात विवाह केला. त्शेकेदींनी पुतण्याला तातडीने परत बोलावले. खोसीची पत्नी कोण असावी हे जमातीने ठरवायचे असते, त्याने एकट्याने नव्हे, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

यापुढचा प्रसंग सेरोवेच्या खोत्लामध्ये घडला. खोत्ला म्हणजे साधारणपणे आपली चावडी: जमिनीत उभे रोवलेल्या ओंडक्यांचा अर्धगोल आडोसा, समोर मोकळे पटांगण आणि घरून आणलेल्या बुटक्या खुर्च्यांवर किंवा जमिनीवर बसलेली पुरुषमंडळी. १९४८ च्या अखेरीस झालेल्या दोन बैठकांत वडीलधाऱ्यांचा सूर विरोधाचा होता. जून १९४९ मध्ये तिसरी बैठक भरली आणि बोलणी कित्येक दिवस चालली. शेवटी सेरेत्से उठले आणि ज्यांना माझी पत्नी मान्य नसेल त्यांनी उभे राहावे, असे म्हणाले. चाळीसएक माणसे उभी राहिली. मग ज्यांना मान्य असेल त्यांनी उभे राहावे असे म्हणताच हजारोंचे पटांगण उठले. सेत्स्वाना भाषेत एक म्हण आहे, 'खोसी के खोसी का बाथो', म्हणजे राजा हा लोकांमुळे राजा. त्या दिवशी लोकांनी ती शब्दशः अमलात आणली, आणि त्शेकेदी आपल्या अनुयायांना घेऊन शेजारच्या जमातीच्या हद्दीत निघून गेले.

जमातीने निकाल दिला, तरी ब्रिटिश सरकारने दिला नाही. वाटाघाटींच्या नावाखाली १९५० च्या फेब्रुवारीत सेरेत्सेंना लंडनला बोलावून घेतले आणि गादी सोडून इंग्लंडात राहिल्यास वर्षाला ११०० पौंड देऊ असे सांगितले. त्यांनी नकार दिला, तेव्हा पाच वर्षांची हद्दपारी जाहीर झाली. गरोदर पत्नी त्या वेळी सेरोवेतच होती. १९५२ साली नव्या हुजूर पक्षाच्या सरकारने ती हद्दपारी कायमची करून टाकली. इकडे बांग्वातो दुसरा खोसी निवडायला तयार होईनात.

कोंडी १९५६ साली फुटली. काका आणि पुतण्या यांनी आपसांतले वैर मिटवले आणि दोघांनीही गादीवरील हक्कावर लेखी पाणी सोडले. सेरेत्से एक सामान्य नागरिक म्हणून घरी परतले. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या राजकारणाची किल्ली इथे आहे. १९६२ साली क्वेट मासिरे यांच्यासह त्यांनी डेमोक्रॅटिक पक्ष काढला, १ मार्च १९६५ च्या निवडणुकीत ३१ पैकी २८ जागा जिंकल्या, आणि ३० सप्टेंबर १९६६ रोजी देश स्वतंत्र झाल्यावर ते राष्ट्राध्यक्ष झाले. तेव्हा अख्ख्या देशात डांबरी रस्ता १२ किलोमीटर होता. १३ जुलै १९८० रोजी कर्करोगाने निधन होईपर्यंत ते त्या पदावर होते.

जाणकारांनी भर घालावी.

कातळ

लेख आवडला. मात्र ब्रिटनमध्ये तेव्हा मजूर पक्षाचे सरकार होते, अॅटली पंतप्रधान होते आणि हिंदुस्थानला नुकतेच स्वातंत्र्य देऊन झाले होते. अशा सरकारने एका लग्नापायी इतका कोतेपणा का करावा, हे लेखातून नीट उलगडत नाही.

माळरान

कातळ, उणीव मान्य आहे. लग्नाच्या चारच महिने आधी, मे १९४८ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत मलान यांचा पक्ष सत्तेवर आला होता आणि १९४९ साली त्यांनी मिश्रविवाहांना बंदी करणारा कायदा केला. अशा वेळी सीमेपलीकडे एक काळा राजा आणि गोरी राणी उजळ माथ्याने राज्य करीत आहेत, हे दृश्य त्यांना परवडणारे नव्हते. ब्रिटनला दक्षिण आफ्रिकेचे सोने हवे होते, युरेनियम हवे होते, आणि तो देश बेचुआनालँडच गिळंकृत करील ही धास्तीही होती, कारण १९०९ च्या कायद्यातच तशा हस्तांतराची सोय ठेवलेली होती.

खरी गंमत चौकशी अहवालाची आहे. सेरेत्से खोसीपदाला लायक आहेत की नाहीत हे ठरवण्यासाठी न्यायमूर्ती हॅरागिन यांची चौकशी नेमली गेली. ते लायकच आहेत, अडचण काय ती विवाहाची आणि त्यामुळे रुष्ट होणाऱ्या शेजारी राष्ट्रांची, असे अहवालात स्वच्छ लिहिले गेले. दक्षिण आफ्रिकेचा या निर्णयाशी संबंध नाही असे सरकार संसदेत सांगत असताना हा कागद बाहेर येणे शक्यच नव्हते. तो सुमारे तीस वर्षे दडपून ठेवला गेला.

कसोटीवेडा

क्रिकेटप्रेमींसाठी एक लहानशी भर. हद्दपारीविरुद्ध लंडनमध्ये जी मोहीम उभी राहिली तिच्यात वेस्ट इंडीजचे अष्टपैलू खेळाडू लीअरी कॉन्स्टंटाइन आघाडीवर होते. काळा म्हणून आपल्याला खोली नाकारणाऱ्या लंडनमधील हॉटेलवर त्यांनी खटला भरला होता आणि १९४४ साली तो जिंकला होता, त्यामुळे त्यांचे या मोहिमेत असणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. खासदारांपैकी फेनर ब्रॉकवे आणि टोनी बेन हे त्या काळातील दोन खंदे पाठीराखे. खामा दांपत्याच्या जुळ्या मुलांपैकी एकाचे अँथनी हे नाव बेन यांच्यावरून आणि दुसऱ्याचे त्शेकेदी हे नाव काकांवरून ठेवलेले आहे.

गावकुसाबाहेर

धागालेखकांनी अतिशय प्रेमाने लिहिले आहे, परंतु या कहाणीत नेत्याच्या गुणांइतकाच नशिबाचा वाटा होता, हे मोकळेपणाने सांगायला हवे. स्वातंत्र्यानंतर वर्षभरात ओरापाला हिरे सापडले. लोकसंख्या सहा लाखांच्या आतबाहेर आणि जमिनीखाली हिरे, अशा देशात वांशिक सलोखा राखणे तुलनेने सोपे जाते, कारण वाटून घ्यायला पुरेसे असते.

माळरान

गावकुसाबाहेर, हिरे काँगो, सिएरा लिओन आणि अंगोला येथेही होते. तिथे काय झाले ते आपण जाणतो, त्यामुळे हिऱ्यांनी सलोखा येतो हे मला पटत नाही. माझा भर दुसऱ्याच गोष्टीवर आहे. त्या काळी जमिनीखालच्या संपत्तीवर त्या त्या जमातीचा हक्क मानला जाई. १९६७ च्या कायद्याने तो हक्क राज्याकडे आला. ओरापा कोणाच्या हद्दीत आहे? खुद्द बांग्वातोंच्या. म्हणजे सेरेत्सेंनी सर्वांआधी आपल्याच माणसांना आपली खाण देशाच्या नावे करायला लावली. ते उलट वागले असते तर बाकीच्या जमातींनी त्यांचे एक अक्षर ऐकले नसते. ओरापाची खाण १९७१ साली सुरू झाली, आणि आरंभी खाण चालवणाऱ्या कंपनीत सरकारचा जो १५ टक्के वाटा होता तो वाटाघाटी करून १९७५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेला गेला.

शिवाय वर्णभेद संपवण्याचे काम हिरे हाती येण्याच्या आधीच झाले होते. १९६१ च्या विधिमंडळात निवडून द्यायच्या जागांची वाटणी पाहा: १० गोऱ्यांसाठी, १० आफ्रिकींसाठी आणि १ आशियाईसाठी. गोरे मूठभर असूनही त्यांना जवळजवळ निम्म्या जागा होत्या. सेरेत्से त्याच सभागृहात बसले, तिथल्या गोऱ्या सदस्यांशी त्यांनी संबंध जोडले आणि चार वर्षांत ही वाटणी मोडून प्रत्येकाला एक मत मिळाले. तरीही गोरे शेतकरी देश सोडून पळाले नाहीत, कारण काळ्या बहुसंख्येचे राज्य म्हणजे आपली हकालपट्टी नव्हे, याची खात्री त्यांना पटली होती. पक्षाने गोऱ्यांना उमेदवारी दिली आणि मंत्रिमंडळातही घेतले.

खडूफळा

त्या १९६५ च्या निवडणुकीतील एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. बहुसंख्य मतदार निरक्षर असल्यामुळे मतपत्रिकेऐवजी पक्षांच्या रंगांच्या चकत्या वापरल्या गेल्या. हव्या त्या पक्षाची चकती पाकिटात घालून पेटीत टाकायची. 'डेमोक्रॅटिक' हा शब्द लोकांच्या तोंडी बसेना, त्याचे 'डोमक्राग' झाले, आणि आफ्रिकान्स भाषेत त्या शब्दाचा अर्थ मोटार उचलण्याचा जॅक असा होतो. पक्षाने ते हसण्यावारी नेले आणि जॅक हेच आपले चिन्ह करून टाकले.

बखरनीस

माझा आक्षेप थोडा मूलभूत आहे आणि तो गावकुसाबाहेर यांच्या आक्षेपापेक्षा वेगळा आहे. सेरेत्सेंनी काळ्या-गोऱ्यांतील भिंत पाडली हे निर्विवाद, परंतु काळ्यांमधील भिंतींचे काय? 'आपण सगळे बात्स्वाना' या घोषणेत बात्स्वाना म्हणजे सेत्स्वाना बोलणारे, असे गृहीतच धरलेले होते. घटनेने स्थापन केलेल्या प्रमुखांच्या सभागृहात आठ त्स्वाना जमातींच्या प्रमुखांना हक्काचे स्थान मिळाले. कलांगा, येई आदी बिगर-त्स्वाना जमातींना तसे मिळाले नाही. स्वातंत्र्यापूर्वी शाळांतून शिकवली जाणारी कलांगा भाषा नंतर बंद झाली आणि शाळेत सेत्स्वाना व इंग्रजी या दोनच भाषा उरल्या. बासारवा, म्हणजे ज्यांना आपण बुशमन म्हणून ओळखतो, त्यांना १९९७ आणि २००२ साली मध्य कालाहारीच्या राखीव क्षेत्रातून हलवण्यात आले. तो काळ सेरेत्सेंच्या नंतरचा असला तरी सरकार त्यांच्याच पक्षाचे होते. २००६ साली उच्च न्यायालयाने ते हलवणे बेकायदा ठरवले. सांधणाऱ्या मातीने लिंपण केले की भिंत एकसारखी दिसते खरी, पण आतल्या विटांचे वेगळेपण झाकले जाते.

माळरान

बखरनीस, यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही आणि तुमचा मुद्दा मी बाजूला सारणार नाही. बाजू मांडायची तर एवढीच की १९६० च्या दशकात नायजेरिया आणि काँगो जमातींच्या नावाने फाटताना दिसत होते, त्यामुळे जमातीचा उल्लेखच राजकारणातून काढून टाकावा असे त्यांना वाटले असेल, तर ते समजण्यासारखे आहे. परंतु ज्या भाषेला तटस्थ राष्ट्रभाषा म्हणून पुढे केले ती त्यांचीच भाषा होती, हेही तितकेच खरे. गाबोरोनेत माझे एक सहकारी कलांगा होते. घरी फोनवर ते आपल्या भाषेत बोलत, आणि कोणी खोलीत आले की वाक्य अर्ध्यावर सोडून सेत्स्वानात शिरत. त्यांना सेरेत्सेंबद्दल नितांत आदर होता आणि ही सवयही होती.

इंद्रायणीकाठ

लेडी रूथ यांचे पुढे काय झाले, हे कोणी सांगेल काय? राष्ट्राध्यक्षांच्या निधनानंतर त्या इंग्लंडला परतल्या असाव्यात, असा माझा समज आहे.

माळरान

नाही, ताई. त्या बोट्सवानातच राहिल्या. रेड क्रॉसचे आणि महिला मंडळांचे काम त्यांनी अनेक वर्षे केले. २००२ साली तिथेच त्यांचे निधन झाले आणि सेरोवेच्या टेकडीवर, राजघराण्याच्या दफनभूमीत, पतीशेजारी त्यांना पुरले आहे. एकेकाळी ज्या गावात त्यांना घ्यायचे की नाही यावर चावडी भरली होती, तेच हे गाव.

कातळ

दक्षिण आफ्रिकेविषयी त्यांचे धोरण मात्र मला बोटचेपे वाटते. सीमाशुल्क संघात त्या देशाबरोबर राहायचे, मालही तिथूनच आणायचा आणि व्यासपीठावरून वर्णद्वेषाचा निषेध करायचा, हे दोन्ही डगरींवर हात ठेवणे झाले.

माळरान

पाण्यात राहून माशांशी वैर किती करावे, याचा हिशेब त्यांना रोज मांडावा लागत होता. देश चारही बाजूंनी जमिनीने वेढलेला. दक्षिणेला दक्षिण आफ्रिका, पश्चिमेला तिच्याच ताब्यातील नामिबिया, ईशान्येला गोऱ्या अल्पसंख्याकांचे सरकार चालवणाऱ्या इयन स्मिथचा ऱ्होडेशिया, म्हणजे आजचा झिंबाब्वे. देशातून जाणारी एकमेव रेल्वेदेखील ऱ्होडेशियाच चालवीत असे. स्वतंत्र आफ्रिकेशी जोड काय ती झांबियाच्या सीमेवर कझुंगुला येथे झाम्बेझी ओलांडणाऱ्या तराफ्याची. अशा स्थितीतही त्यांनी प्रिटोरियाशी राजनैतिक संबंध ठेवले नाहीत. निर्वासितांना आसरा दिला, पण गनिमांना तळ उभारू दिले नाहीत. १९७७ पर्यंत देशाला स्वतःचे सैन्यच नव्हते. ऱ्होडेशियाच्या घुसखोरीनंतर ते उभारावे लागले. एप्रिल १९८० मध्ये, आजार बळावलेला असताना, त्यांनी लुसाका येथे शेजारी देशांच्या आर्थिक सहकार्य परिषदेची स्थापना घडवून आणली. दक्षिण आफ्रिकेवरील अवलंबित्व कमी करणे हाच तिचा उद्देश होता. तीनच महिन्यांत ते गेले.

गावकुसाबाहेर

गादीवर पाणी सोडल्याचे कौतुक चालले आहे म्हणून आठवण करून देतो. १९७९ साली त्यांचे चिरंजीव इयन यांना बांग्वातोंचे खोसी करण्यात आले आणि २००८ साली तेच देशाचे चौथे राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे सोडलेले पाणी फिरून घराच्याच विहिरीत आले.

माळरान

टोला योग्य आहे. मात्र त्या विहिरीची पुढची हकीकतही पूर्ण करू या. पद सोडल्यावर इयन यांचे उत्तराधिकाऱ्याशी बिनसले, २०१९ साली त्यांनी वडिलांनी स्थापन केलेला पक्ष सोडला, आणि २०२४ च्या निवडणुकीत ५८ वर्षे सत्तेत असलेल्या त्या पक्षाचा पराभव झाला. सत्तांतर शांतपणे पार पडले.

खडूफळा

एक शेवटचा प्रश्न. तेथील विद्यापीठासाठी लोकांनी गुरे दिली होती असे पुसटसे वाचले आहे. ते खरे आहे काय?

माळरान

अगदी खरे आहे. बोट्सवाना, लेसोथो आणि स्वाझिलँड यांचे एकत्रित विद्यापीठ होते आणि त्याचे मुख्य संकुल लेसोथोत होते. १९७५ साली लेसोथोने ते स्वतःकडे घेतले. तेव्हा सेरेत्सेंनी लोकांना हाक दिली, 'मोथो ले मोथो खोमो', म्हणजे माणशी एक जनावर. तिथे गाय म्हणजे बँकेतली ठेव, वधूमूल्य, प्रतिष्ठा, सगळे काही. ज्यांच्याकडे गुरे होती त्यांनी गुरे दिली, काहींनी धान्य दिले, काहींनी पैसे, आणि ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नव्हते त्यांनी अंडी आणून दिली. गाबोरोनेच्या विद्यापीठात जनावर हाकत नेणाऱ्या माणसाचा एक पुतळा आहे. माझ्या कार्यालयातून घरी जाताना वाटेवर विद्यापीठाचे फाटक लागत असे. पुतळ्याचे छायाचित्र जुन्या संगणकावर आहे, सापडले की इथे चढवतो.